टोमे-सानच्या नावाचा अर्थ

तमाम वाचकांस, आणि विशेषतः सातारच्या आमच्या महिला मंडळातल्या भगिनींस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिका अमेरिकेला जाऊन सुखरूप परत आली असून तिने तिथे अमेरिका पाहिलेली नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा नाही, धबधबा नाही, पिवळी टॅक्सीसुद्धा नाही. ती पाहून आली ते जपान. तेही शिकागोजवळच्या शॉमबर्ग नावाच्या उपनगरात, भावाच्या स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसून. या प्रवासात तिला एकामागून एक इतके धक्के बसले की, ते मंडळाच्या मासिक सभेत चहाबरोबर सांगण्यासारखे नाहीत. म्हणून हा लेखी अहवाल.

आधी माणसं सांगते. माझा धाकटा भाऊ अमोल तिकडे कॉम्प्युटरवाला आहे. त्याची बायको हारुका जपानी, पण वाढली शॉमबर्गच्या शेजारी, आर्लिंग्टन हाइट्सला. त्यांची पहिली मुलगी हाना पाच वर्षांची. आता दुसरीही मुलगी झाली. आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते आणि पाळण्यापाशी कानात ‘कुर्रर्र’ करेपर्यंत ते कुणाला सांगत नाही, हे अमोलने बायकोला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. हानाच्या वेळी मला व्हिसा नाकारला, तेव्हा मी फोनवर कुर्र करायला गेले आणि नेमका फोन कट झाला. त्यामुळे या खेपेला हारुकाने बजावून सांगितलं, “ताई येईपर्यंत बाळाला नाव नाही.” बारावा दिवस गेला, महिना गेला. बाळ आपलं बिननावाचं दूध पीत होतं. सरकारी कागदावरही नावाची जागा कोरी ठेवलेली. मी पाळण्यापाशी जे म्हणेन, तेच तिथे चढणार आणि जन्मभर राहणार होतं.

आईचे गुडघे विमानाला राजी नाहीत. ती आली नाही, पण नाव तिने दिलं. मला निरोप देताना सातारच्या घराच्या पायरीवर जवळ ओढून म्हणाली, “तृप्ती. कुणाला बोलू नकोस.”

गोड नाव! मी पर्समध्ये कंदी पेढे आणि डोक्यात ‘तृप्ती’ घेऊन विमानात बसले.

शॉमबर्ग, जेवणाचं टेबल

अमोलच्या दारात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची, ताठ पाठीची बाई उभी होती. तिने कमरेत वाकून नमस्कार केला. मी वाकले. ती आणखी वाकली. मी का हार मानू? मी आणखी वाकले, तशी पर्स उघडून पेढ्यांचा डबा घरंगळत थेट तिच्या पायाशी गेला.

“ताई, बास कर यार, ही स्पर्धा नाहीये,” अमोल म्हणाला.

या हारुकाच्या आई, टोमे-सान. ‘सान’ म्हणजे आपलं ताई, काकू, राव, साहेब, सगळं एकाच शब्दात. वय पंचाहत्तरीच्या आसपास, नवरा गेलेला, तीस-पस्तीस वर्षं अमेरिकेत. घर आर्लिंग्टन हाइट्सला, पण लेकीच्या बाळंतपणापासून बहुतेक दिवस इथेच. इंग्रजी बोलतात, पण मोजकं. माझंही मोजकंच. दोघींचं मोजकं मिळून छान भरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमोल ऑफिसला निघाला आणि दारातून ओरडला, “इत्तेकिमास!”

आतून टोमे-सान ओरडल्या, “इत्तेराश्शाई!”

मी हारुकाला विचारलं, सकाळी सकाळी जावई-सासूचं भांडण कशावरून? ती हसली. “भांडण नाही, ताई. तो म्हणतो, जाऊन येतो. आई म्हणते, जाऊन ये.”

माझा चहा बशीत सांडला. अहो, घरातून निघताना मी एकदा नुसतं ‘जाते’ म्हटलं तर आईने मला दारातून परत बोलावून ‘येते म्हण’ असं म्हणायला लावलं होतं. आणि इथे समुद्रापलीकडचं अख्खं राष्ट्र रोज सकाळी तेच करतंय, आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही!

त्या दिवसापासून मला अर्थांचं वेडच लागलं. जो शब्द कानावर पडेल त्याचा मी अर्थ विचारायची. ‘अरिगातो’, म्हणजे आभार. पण पोटातला अर्थ? ‘असणं अवघड’. तुम्ही माझ्यासाठी केलंत ते सहसा होत नाही, असं. ‘सायोनारा’, ज्यावर हिंदी सिनेमावाले वर्षानुवर्षं हात हलवत आले, त्याचा मूळ अर्थ ‘असं असेल तर...’ इतकाच. आपण नाही का उठताना म्हणत, “बरं, मग...” आणि पुढे काहीच म्हणत नाही? तेच ते. जेवण झाल्यावर ‘गोचिसोसामा’ म्हणतात, त्यात यजमानाने पाहुण्यासाठी केलेली धावपळ आहे. हे कळल्यापासून मी जेवून उठताना अमोलच्या तोंडावर हा शब्द मारायची आणि तो बिचारा फ्रीजपासून टेबलापर्यंत खरंच धावायचा.

मग आली नवरा-बायको. जपानी बाई परक्या माणसापुढे नवऱ्याला ‘शुजिन’ म्हणते. अर्थ मालक! आमच्या गावाकडच्या बायका ‘आमचं मालक’ म्हणतात ते काय वेगळं? दुसरा शब्द ‘दान्ना’. हा तर भिक्षूंबरोबर इकडूनच तिकडे गेलेला, आपलं दान. देतो तो दान्ना.

“अमोल,” मी हाक मारली, “तू या घरातलं दान आहेस.”

“ताई, माझी मीटिंग चालू आहे, सगळे ऐकतायत.”

“आणि बायकोला काय म्हणतात?” मी हारुकाला विचारलं.

“जुनी माणसं ‘कानाई’ म्हणायची. म्हणजे, घराच्या आत.”

मी टेबलावर मूठ आपटली. बाईमाणसाचं नाव ‘घरात’? काय हे! किती मागासलेपणा! मी चांगलं पाच मिनिटांचं भाषण ठोकलं. भाषणाच्या भरातच मला आठवलं की, आमचे हे फोनवर कुणालाही सांगतात, “घरात विचारतो आणि कळवतो.” मी खाली बसले आणि मुकाट्याने भात खाल्ला.

आर्लिंग्टन हाइट्स, दुकानात

टोमे-सान मला त्यांच्या गाडीतून जपानी दुकानात घेऊन गेल्या. सोबतीला अमोल आणि ट्रॉलीत बसलेली हाना. दुकान कसलं, बाजारपेठच. तांदळाच्या पोत्यांची भिंत, मासे इतके ताजे की ओशाळून आपणच नजर वळवावी, आणि पांढरा मुळा माझ्या हाताएवढा लांब.

मी गल्ल्यावरच्या मुलीच्या छातीवरची पट्टी वाचली आणि अर्थ विचारला. तानाका, शेताच्या मधोमध. मासेवाल्या आजोबांना विचारलं. यामादा, डोंगरातलं भातखाचर. चहाची चव दाखवणाऱ्या बाई इशिकावा, म्हणजे खडकाळ नदी. एक तरणाताठा पोरगा कोबायाशी निघाला, लहानसं रान. सगळं राष्ट्र आडनावातून भातशेती करतंय! मला भयंकर मत्सर वाटला. इतकी शांत, हिरवीगार, पाण्याचा आवाज येणारी आडनावं!

तेवढ्यात टोमे-सान थांबल्या. “सुनंदा-सान,” त्या म्हणाल्या, “तुमच्या घराचं आडनाव. डोईफोडे. अर्थ काय?”

त्यांच्या पाठीमागे अमोल दोन्ही हात हलवून मला ‘नको, नको’ करत होता. लग्नात त्याने म्हणे ‘जुनं, शूर घराणं’ असं सांगून वेळ मारून नेली होती. पण मी बोलून चालून थोरली बहीण, आणि हातात मुळा. मी डोक्यावर टिचकी मारली. “डोई.” मग मुळा उचलला आणि हवेत दणका घातला. “फोडे!”

टोमे-सानचा चेहरा उतरला. मासेवाले यामादाही सुरी थांबवून बघायला लागले.

“हारुका,” त्या सावकाश म्हणाल्या. “हारुका म्हणजे दूर. हारुका डोईफोडे.” त्यांनी मनाशी जुळवणी केली. “माझी मुलगी... लांबून... डोकं फोडते?”

आणि त्या हसायला लागल्या. ट्रॉलीचा दांडा धरून, डोळे पुसत, वाकून वाकून. हानाही हसली. अमोल तेवढा बिस्किटांचे भाव वाचत राहिला.

येताना गाडीत मी म्हटलं, “सगळ्यांची नावं झाली. तुमचं राहिलं. टोमे म्हणजे काय?”

“जुनं नाव,” त्या म्हणाल्या. “अर्थ नाही.” आणि पुढे सिग्नल हिरवा असताना त्यांनी गाडी उगाच हळू केली.

टोमे-सानचं घर

जपानी नाव आणि बिनअर्थाचं? मला हे पचेना. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे मदतीला गेले. त्या लाल शेंगदाण्याएवढ्या घेवड्याच्या दाण्यांत साखर घालून गोळा होईस्तोवर घोटत होत्या. मी बोटाने चाखलं आणि किंचाळले, “पुरण!” वेलदोडा तेवढा विसरलेलं पुरण.

टेबलावर जाड पांढरा कागद, ब्रश आणि शाई मांडलेली होती. त्यांच्यात बाळाचं नाव असं ब्रशने लिहून भिंतीवर लावतात. ते खरं तर सातव्या दिवशीच व्हायचं. माझ्या व्हिसापायी कागद कोरा राहिला होता.

“सुनंदा-सान, प्लीज,” त्या म्हणाल्या, “नाव सांगा. सराव करायला हवा. आमच्याकडे नुसता उच्चार पुरत नाही. तोच उच्चार दहा तऱ्हांनी लिहिता येतो, आणि लिहाल तसा अर्थ. मला चांगली अक्षरं निवडायची आहेत.”

“आत्याचं नाव फुटत नसतं,” मी नाटकी मान उडवली. “देवाणघेवाण करू. आधी तुमच्या नावाचा अर्थ.”

त्यांनी गॅस बंद केला. हात पुसले. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर ब्रशने एक अक्षर काढलं आणि म्हणाल्या, “टोमे. थांब.”

“मी थांबलेच आहे.”

“नाही. नाव. थांब. मी चौथी मुलगी. वडिलांनी देवाला सांगितलं, आता मुली थांबव.”

मी खुर्ची पुढे ओढली. “मग? थांबल्या?”

“पाचवी मुलगीच झाली,” टोमे-सान म्हणाल्या. “तिचं नाव सुए. शेवट.”

“आणि मग?”

“मग वडील थांबले.”

मला हसू फुटलं, पण तेही अर्ध्यावरच थांबलं. कारण वाचकहो, सुनंदा हे माझं लग्नातलं नाव. सासरी ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं. त्याआधी मी वीस वर्षं दुसऱ्याच नावाने वावरले होते. पहिली मंगल, दुसरी सुरेखा, तिसरी मी. माझ्या पाळण्यापाशी माझी आत्या वाकली आणि कानात कुर्र करून म्हणाली, “नकुशा.” नको असलेली. शाळेच्या हजेरीत तेच, दाखल्यावर तेच. माझं नाव लागू पडलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. माझ्यानंतर मुलगा झाला. त्याचं नाव त्याच आत्याने ठेवलं, अमोल.

मी हे सगळं टोमे-सानना सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही, च्यक्‌ केलं नाही. उठून माझ्यापुढे त्या पुरणाचा एक मोठा गोळा ठेवला आणि समोर बसून मी तो संपवेपर्यंत बघत राहिल्या.

“आता बाळाचं नाव,” त्या म्हणाल्या.

“तृप्ती.”

“छान आवाज. अर्थ?”

मी उत्साहाने पोटावर हात फिरवला. “जेवण झाल्यावर कसं वाटतं? पोट भरलं. समाधान. आणखी नको. पुरे.”

ब्रश शाईत बुडवता बुडवता त्या थबकल्या.

“कोणी निवडलं?”

“आईने.”

“ही दुसरी मुलगी,” त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

मी त्या परदेशातल्या सगळ्या गल्ल्यांवर, सगळ्या मासेवाल्यांना अर्थ विचारत हिंडले होते! माझ्या स्वतःच्या डोक्यातल्या नावाला विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी तिथूनच आईला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं झाली होती.

“आई, तृप्तीच का गं?”

“अगं, दोन मुली झाल्या की,” आई लाडात म्हणाली. “तृप्ती म्हटलं म्हणजे देवाला कळतं, झालं समाधान, आता मुलगा दे. नकुशा ठेवायचे दिवस गेले बाई. आता सगळं गोडीत.”

मी फोन ठेवला. माझं तोंड किती वेळ उघडं होतं कोण जाणे, शेवटी टोमे-साननी हनुवटीला बोट लावून ते मिटवलं.

मग आम्ही दोघी नाव शोधायला बसलो. आत्याचा मान मी निम्मा वाटून टाकला. मी म्हटलं, “उमा. देवीचं नाव.” त्यांनी खिंकाळून दाखवलं. जपानीत उमा म्हणजे घोडा! ललिता, लीला त्यांच्या जिभेवर येईनात. माधुरी माझ्याच जिभेवर त्यांच्या पुरणात अडकलं. शेवटी मी थकून म्हटलं, “मीरा.”

“मीरा,” त्यांनी सहज म्हटलं. आणि पुन्हा, “मीरा.” मग दोन अक्षरं काढली. पहिल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “अजून नाही.” दुसऱ्यावर, “येणं.” आणि दोन्हींवर तळवा ठेवून, “अजून यायचं आहे. पुढचे दिवस. फ्युचर.”

मी त्या ओल्या अक्षरांकडे बघत राहिले. आईच्या शब्दाबाहेर मी उभ्या जन्मात गेले नव्हते.

पुन्हा शॉमबर्ग, पाळणा

पाळणा नव्हताच. बॅटरीवर झुलणारी खुर्ची होती, तिला अमोलने झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा बांधल्या होत्या. मी हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या होत्या, टोमे-साननी घेवडा घालून शिजवलेला लाल भात. दोन्ही भांडी शेजारी मांडली तर एकाच घरची वाटत होती. शेजारच्या दोन मराठी काकू नऊवारी नेसून आल्या होत्या. टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन ठेवला होता आणि त्यात सातारहून आई, म्हणजे आईचं कपाळ आणि वरचा पंखा.

मी बाळाच्या कानाशी वाकले. दुधाचा वास आला. बाळाने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. आता सांगितलेलं बोलायचं, की न सांगितलेलं?

“कुर्रर्र,” मी म्हटलं. “मीरा.”

रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे बसले. त्यातला सगळ्यात सणसणीत टोमे-सानचा होता.

“काय? काय म्हणाली?” कपाळ हललं. “मीरा? तृप्ती ठरलं होतं ना आपलं?”

“तृप्ती कुठून आलं?” अमोल गोंधळला. एवढ्यात टोमे-साननी पांढरा कागद उलगडून सगळ्यांपुढे धरला. हारुकाने तो वाचला आणि तिचे डोळे भरून आले. तिने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने फोनला.

“आई, जपानीत लिहिलं की याचा अर्थ होतो, अजून यायचं आहे.”

कपाळ क्षणभर थांबलं आणि आनंदाने उजळलं. “अस्सं! म्हणजे मुलगा अजून यायचाय! मग चालेल, मग छान आहे नाव!”

काकूंच्या हातातल्या घुगऱ्या हातातच राहिल्या. हारुकाने विचारलं, “आई काय म्हणाल्या?” उत्तर हानाने दिलं, भाताचा घास खात खात. “आजी सेज अ बॉय इज कमिंग.”

“नो,” हारुका म्हणाली.

टोमे-साननी कागद खुर्चीवर ठेवला. फोन दोन्ही हातांत घेतला आणि आधी त्याला कमरेत वाकून नमस्कार केला. मग एकेक शब्द वेगळा करत म्हणाल्या, “आय अ‍ॅम टोमे. टोमे इज स्टॉप. फोर्थ गर्ल.” आणि फोन माझ्याकडे वळवला. “शी. सेम.”

अमोलने भाषांतर सुरू केलं. “आई, त्या म्हणतायत, त्यांच्या नावाचा अर्थ थांब. त्या चौथी मुलगी म्हणून. आणि ताईचंसुद्धा...” तो पुढे बोलेना. माझं ते नाव त्याच्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

तिकडे फोन खाली सरकला. पंखा गेला, कपाळ गेलं आणि पहिल्यांदाच आईचा पूर्ण चेहरा दिसला. ती कॅमेऱ्यात नव्हे, पडद्यावरच्या माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता चिडेल, फोन ठेवेल. सगळ्या शॉमबर्गसमोर, सातारच्या घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आई एकदम म्हणाली,

“मला विचारलं होतं का गं तेव्हा कुणी? मी तर तुझं नाव चांदणी ठरवलं होतं!”